इतिहासाच्या तासाला घोडा

आमच्या शाळेच्या पोर्चमध्ये एकदा घोडा अडकला होता. अडकला म्हणजे खांबाबिंबात नाही, मनानं अडकला. पुढे जाईना, मागे येईना, आणि प्रिन्सिपॉल सरांकडे अशा नजरेनं बघत राहिला की जणू सरच उशिरा आलेत. हे सगळं इतिहास शिकवण्याच्या नावाखाली घडलं आणि घडवणाऱ्या दोघींपैकी एक मी. अजूनही भाजी चिरता चिरता मला एकटीलाच हसू फुटतं. घरातले आता काय झालं म्हणून विचारतही नाहीत.

मी मूळची नाशिकची. नवऱ्याच्या नोकरीमुळे म्हैसूरला आलो, थोड्या वर्षांत परत जाऊ म्हणत म्हणत इथलेच झालो. जिथे परदेशी लोक योग शिकायला येतात, त्या गोकुलम भागाजवळच्या एका शाळेत मी सहावी-सातवीला समाजविज्ञान शिकवते. हडप्पाची गटारं मी डोळे मिटून फळ्यावर काढू शकते. दिल्लीचे सुलतान ओळीनं म्हणून दाखवते. पण मुलं ज्या गावात रोज सकाळी दात घासतात, त्या गावाबद्दल मला काही विचारलं की मी म्हणायची, "पुढच्या तासाला सांगते." आणि पुढचा तास भूगोलाचा असायचा.

अशात गावातल्या एका संग्रहालयानं शिक्षकांसाठी उपक्रम सुरू केला. शनिवारी शिक्षकांनी तिथे जायचं, आपल्या शहराचा इतिहास वर्गात कसा न्यायचा ते शिकायचं. प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक. एक इतिहासाचा आणि दुसरा कुठलाही, शनिवारी मोकळा असणारा. आमच्या शाळेत शनिवारी मोकळ्या असणाऱ्या म्हणजे खेळाच्या मॅडम. मुलं त्यांना पीटी मिस म्हणतात. पन्नाशी ओलांडलेल्या, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट आणि त्यावर काठाची साडी. त्या एका टोकाहून बोलल्या की दुसऱ्या टोकाचा फुटबॉल थांबतो, अशी त्यांची ख्याती. इतकी वर्षं आम्ही एकमेकींना फक्त लांबून मान हलवली होती.

संग्रहालयाला जायच्या दिवशी बसस्टॉपवर मी घरी फोनवर मराठीत बोलत होते. फोन ठेवला तर या माझ्याकडे टक लावून बघतायत.

"तुमी मराठी अंते! मग सांगायचं नको?" त्या ओरडल्या. "आमी पण मराठीच की! अज्जाच्या अज्जापासनं इथंच!"

मला इतका आनंद झाला की मी त्यांचे दोन्ही हात धरले. मग त्यांनी प्रेमानं विचारलं, "ऊटा झाला?"

मला वाटलं, उंट. उंट झाला का? मी म्हटलं, "कुठे?"

"घरात! आणि कुठे?"

"घरात उंट?"

त्या थांबल्या. मग त्यांना उलगडलं आणि त्या बसस्टॉपच्या खांबाला धरून हसायला लागल्या. "जेवण हो! ऊटा म्हणजे जेवण! अय्यो, तुमचं मराठी टीव्हीतल्यासारखं आहे, आमचं घरातलं आहे!" बस आली ती आम्ही हसण्यात घालवली. दुसरी आली तोवर त्या मला "अहो मॅडम" वरून "अगं" वर आल्या होत्या आणि मी त्यांना अक्का म्हणायला लागले होते. अक्का हा शब्द त्यांच्याही मराठीत होता, माझ्याही, आणि कन्नडमध्ये तर होताच.

संग्रहालय म्हणजे एक जुना बंगला, पुढे मोठं आंब्याचं झाड. उपक्रम चालवणारी मुलगी जेमतेम पंचविशीची असेल, कानात मोठाले झुमके, आणि खिशात सतत शेंगदाणे. तिनं आम्हा सगळ्या शिक्षकांना जमिनीवर गोल करून बसवलं आणि मधे एक लाकडी वस्तू ठेवली. चपटी, जाड, मूठ असलेली.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

शिक्षकांना कुणी प्रश्न विचारला की काय होतं ते तुम्हाला माहीतच असेल. सगळे एकदम बोलले. एका सरांनी ते राजवाड्यातल्या सुतारांचं अवजार असल्याचं ठामपणे सांगितलं. एक बाई म्हणाल्या, चंदनाचं आहे. मी म्हटलं, "हत्तीच्या संबंधानं काहीतरी असावं," कारण म्हैसूरमध्ये हे कुठेही खपतं. अक्का उठल्या, ती वस्तू हातात घेतली, "अगं ही बॅट आहे!" म्हणाल्या आणि सिद्ध करायला असा एक फटका फिरवला की माझी पाण्याची बाटली उडून खिडकीतून बाहेर गेली.

ती मुलगी शेंगदाणे खात शांतपणे ऐकत होती. मग प्रत्येकाला तिनं एकच विचारलं, "निमगे हेगे गोत्तु?" म्हणजे, तुम्हाला कसं माहीत?

सुतारांचं अवजारवाले सर खोकले. चंदनवाल्या बाईंनी वास घेऊन पाहिला आणि वस्तू शेजारणीकडे सरकवली. मी हत्ती मागे घेतला. फक्त अक्का डगमगल्या नाहीत. "बाटली गेली ना बाहेर? मग बॅटच!"

ती खरोखर काय वस्तू होती ते त्या मुलीनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. "मुलांना उत्तर देऊ नका," ती म्हणाली. "हा प्रश्न द्या. आणि पुढच्या महिन्यात आपल्या गावातली एक खरी वस्तू वर्गात न्या. मुलांना तिच्याबद्दल हा प्रश्न विचारायला शिकवा."

प्रश्न मी सोमवारीच वर्गात दिला. त्याचा परिणाम काय होईल याचा मी विचार केला नव्हता. सातवीच्या मुलांना तो पुरणपोळीसारखा आवडला. मंगळवारपर्यंत शाळेत दुसरं काही ऐकू येईना. गणिताच्या सरांनी त्रिकोणाच्या कोनांची बेरीज सांगितली, मागून आवाज आला, "तुम्हाला कसं माहीत, सर?" पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका आईनं लिहिलं, की फ्रिजचं पाणी पिऊन घसा बसतो असं म्हटलं तर मुलगा म्हणतो, तुला कसं माहीत, आणि पुरावा म्हणून तीन ग्लास प्यायला. खाली दुसऱ्या आईनं विचारलं, मग बसला का घसा? ती म्हणाली, नाही ना, तेच तर!

इकडे मी आणि अक्का वस्तू शोधत होतो. मी म्हणत होते, एखादं जुनं भांडं नेऊ, अत्तराची बाटली नेऊ. अक्कांनी तोंड वाकडं केलं. "भांडं काय, घरात बघतातच की मुलं. कुदुरेगाडी आणूया."

"म्हणजे टांगा?"

"आमी जटका म्हणतो. माझं लग्न झालं तेव्हा सासरी जटक्यातनं आले मी. घोडा मधेच थांबला. मी नऊवारीत उतरून ढकललं. तेव्हापासनं नवरा मला भितो."

प्रिन्सिपॉल सरांची परवानगी मागायला अक्काच पुढे झाल्या. सर फोनवर होते, एका हातानं सह्या करत होते. अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या, "सर, इतिहासाच्या तासाला एक जुनी गाडी आणतो. राजाच्या काळातली."

सरांचे डोळे चमकले. त्यांनी फोनवर हात ठेवला. "व्हिंटेज?"

"तसंच म्हणा सर."

"मालक स्वतः चालवत येणार?"

"हो सर, स्वतः."

"किती हॉर्सपॉवर आहे?"

"एकच, सर."

सर मोठ्यानं हसले, अक्कांच्या गाड्यांविषयीच्या अज्ञानाला, आणि सही केली. बाहेर येऊन मी म्हटलं, "अक्का, त्यांना मोटार वाटतेय!" अक्का म्हणाल्या, "मी कुठं खोटं बोलले? एकच तर आहे!" आणि जिन्यावर बसून आम्ही इतक्या हसलो की पाचवीतली दोन मुलं पाणी घेऊन आली.

टांगेवाला ठरवायला आम्ही मार्केटच्या बाजूला गेलो. तिथे टांग्यांच्या ओळीत एक भारदस्त मिशांचा, लाल फेट्यातला माणूस बसला होता. अक्का म्हणाल्या, तूच बोल, कन्नड सुधारेल. मी पुढे होऊन म्हटलं, "आम्हाला तुमची हाळु गाडी हवी आहे."

त्याच्या मिशा थरथरल्या. तो खाली उतरला, चाकावर थाप मारून दाखवली, गादी दाबून दाखवली, दिवा पुसून दाखवला आणि चढ्या आवाजात काहीतरी बोलत राहिला. अक्का मागे तोंडावर पदर धरून उभ्या. जुनी म्हणजे 'हळे'. मी म्हटलं होतं 'हाळु', म्हणजे मोडकी, वाया गेलेली. शेवटी अक्कांनीच मिटवलं. शाळेत मुलांना गोष्टी सांगायच्या आहेत म्हटल्यावर तो एकदम खुलला. "गोष्टी? अय्यो, पाहिजे तेवढ्या!"

ठरलेल्या दिवशी शाळेचं पोर्च धुऊन निघालं होतं. प्रिन्सिपॉल सर टाय लावून, हातात मोठा पुष्पगुच्छ घेऊन व्हिंटेज गाडीच्या मालकाची वाट पाहत उभे. संग्रहालयातली मुलगीही आली होती, शेंगदाण्यांसकट. सातवीचा वर्ग पायऱ्यांवर बसवलेला. फाटकातून आधी घुंगरांचा आवाज आला, मग एक पांढरा घोडा, मग त्याच्यामागे फेटा.

सरांनी आमच्याकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, "एकच, सर." सर काही बोलणार एवढ्यात मुलांनी असा काही गलका केला की त्यांना हसावंच लागलं.

टांगेवाल्यानं टांग्यातूनच सुरुवात केली. काय तो आवाज! त्याच्या आजोबांनी एका गोऱ्या साहेबाला चामुंडीच्या डोंगरावर नेलं होतं, साहेब भ्याला, आजोबा नाही. पणजोबांना घोडा थेट राजवाड्यातून बक्षीस मिळाला. आत्ताचा हा घोडा त्याच घराण्यातला. "याचं रक्त राजघराण्याचं आहे!" मी तर भारावूनच गेले. इतकी वर्षं मी कोरड्या सनावळ्या शिकवत होते आणि इतिहास इथे फेटा बांधून बसला होता!

पहिल्या पायरीवरच्या एका दोन वेण्यांच्या मुलीनं हात वर केला. "अंकल, तुम्हाला कसं माहीत?"

"आजोबांनी सांगितलं."

"तुमच्या आजोबांचा टांगा होता?"

"होता म्हणजे... होताच."

"मग तुम्ही लहानपणी चालवायचात?"

त्यानं फेटा नीट केला. "चला, एक फेरी मारून दाखवतो," म्हणाला आणि लगाम हलवला. घोडा हलला नाही. परत हलवला. "हय्य!" म्हणाला. घोड्यानं शांतपणे मान लांब केली आणि सरांच्या हातातल्या पुष्पगुच्छातला पहिला गुलाब खाल्ला.

सर गुच्छ मागे घेईनात, घोडा सोडेना. सरांना वाटत होतं, ओढला तर चावेल. एकेक फूल जात होतं, मुलं मोठ्यानं मोजत होती. टांगेवाला खाली उतरला पण घोड्याच्या तोंडाशी जाईना. चाकापाशीच उभा राहून तो लांबूनच "ए! ए!" करत होता. अक्कांनी शिट्टी मारून पाहिली. त्यावर मागच्या मैदानावरचे आठवीचे सगळे सवयीनं ओळीत उभे राहिले, घोडा मात्र जागचा हलला नाही. पोर्चच्या मागे स्कूलबस येऊन उभी, तिच्यामागे पालकांच्या गाड्या.

शेवटी टांगेवाल्यानं खिशातून फोन काढला, आमच्याकडे पाठ केली आणि हळू आवाजात म्हणाला, "अगं, हा परत थांबलाय."

पलीकडून बाईचा आवाज आला, आणि तो फोन कानाला असूनही आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "तुला सांगून काय उपयोग? त्याला दे फोन!"

त्यानं फोन स्पीकरवर टाकला, हात जितका लांब जाईल तितका लांब केला आणि घोड्याच्या कानाशी धरला. आतून जिभेचा टक्-टक् आवाज आला, मग दोन लाडाचे आणि एक दमाचा शब्द. घोड्यानं कान टवकारले, तोंडातलं शेवटचं फूल गिळलं आणि डौलात चालायला लागला. पोर्चमधून बाहेर, मैदानाला वळसा घालून, थेट चिंचेखाली जाऊन उभा. टांगा रिकामा, मालक मागून पळतोय, फोन हातात तसाच.

मी आयुष्यात इतकी हसलेली नाही. अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. सर हातातल्या देठांकडे बघत होते आणि मग त्यांचाही बांध फुटला. एवढ्या मोठ्या माणसाला उचकी लागेपर्यंत हसताना शाळेनं प्रथमच पाहिलं.

हसणं ओसरल्यावर मुलं चिंचेखाली जमली. ती दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "अंकल, आता खरं सांगा ना."

तो चाकाच्या आऱ्यावर हात ठेवून उभा होता. मला वाटलं, चिडेल. पण त्यानं फेटा काढला, घाम पुसला आणि खुदकन हसला. "मी ऑटो चालवायचो रे," म्हणाला. "टांगा सासऱ्यांचा. त्यांचे गुडघे गेले. घोडा विकायचा म्हटलं तर बायको दोन दिवस जेवली नाही. तिला शिवणकामातून सवड नाही, मग मी बसलो. तो माझं ऐकत नाही. मला त्याची भीती वाटते. टूरिस्टांना साहेबाची गोष्ट आवडते, म्हणून सांगतो."

"भीती वाटते तर रोज का चालवता?"

"संध्याकाळी घरी जायचं असतं ना!"

मुलं हसली, पण आता वेगळ्या तऱ्हेनं. ती त्याच्याजवळ सरकली. मग प्रश्न संपेचनात. ऑटोत हॉर्न कसला होता? घोड्याला पावसात काय करता? ऑटो चांगला की टांगा? तो एकेकाला उत्तर देत होता, आणि त्याचा मघाचा भारदस्त आवाज जाऊन एक साधा, गमत्या आवाज आला होता. मी फेट्याकडे बघून भारावले होते, आणि मुलांना आवडला तो फेटा काढलेला माणूस. हे मला त्या चिंचेखाली उमगलं आणि मला उगीचच गिरकी घ्यावीशी वाटली. घेतली नाही. अक्कांनी घेतली.

संग्रहालयातल्या मुलीनं शेंगदाण्याची पुडी मुलांपुढे धरली. "यांच्या गोष्टीतलं काय ठेवाल संग्रहालयात?"

"ऑटोचा हॉर्न!" सगळे एका सुरात.

आणि तसंच झालं. वर्ष संपताना सगळ्या शाळांचं मिळून प्रदर्शन लागलं. कुणी जुन्या पाटीची चित्रं आणली होती, कुणी आजीचे विणकामाचे हुक. आमच्या वर्गाच्या टेबलावर काळ्या रबरी फुग्याचा हॉर्न, टांगेवाल्याचा ऑटोवरचा खाकी शर्ट, सासऱ्यांचा चाबूक, आणि मुलांनी काढलेला घोड्याचा मोठा नकाशा, त्यात घोडा कुठे कुठे थांबतो ते लाल टिंबांनी. प्रिन्सिपॉल सर सपत्नीक आले आणि "हा व्हिंटेज प्रकल्प माझ्याच परवानगीनं झाला" असं सगळ्यांना सांगत फिरले. टांगेवाला इस्त्रीच्या शर्टात टेबलामागे उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःची खरी गोष्ट सांगत होता आणि मधून मधून हॉर्न वाजवून दाखवत होता. लोक घोळक्यानं थांबत होते. त्याची बायको, ठेंगणीशी, केसात मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा, एका कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. घोडा फोनवर आल्याचा प्रसंग आला की ती लाजून भिंतीकडे वळायची.

निघताना ती आम्हाला म्हणाली, "चला, सोडते." सोडतो नाही, सोडते. लगाम तिनं घेतला. नवरा मागे आमच्यात येऊन बसला, कठडा दोन्ही हातांनी धरून. घोडा असा निघाला की माझ्या मांडीवरची पिशवी अक्कांच्या मांडीवर गेली. गोकुलममध्ये शिरलो तर योगाचे वर्ग सुटलेले. खांद्यावर चटयांच्या गुंडाळ्या घेतलेल्या दोन परदेशी मुली हात करत धावत आल्या. टांगेवाल्याच्या बायकोनं गाडी हळू केली आणि त्यांनाही वर घेतलं. जागा नव्हतीच. एक माझ्या शेजारी दुमडून बसली, तिला ते जमत होतं. दुसरी सरळ अक्कांच्या मांडीवर. अक्का तिला मराठीत, कन्नडमध्ये आणि हातवाऱ्यांनी आपल्या लग्नातला जटका सांगायला लागल्या. ती तिच्या भाषेत काहीतरी सांगायला लागली. टांगेवाला सगळ्यांना "धरून बसा, धरून बसा!" सांगत होता. कुणाला कुणाचं कळत नव्हतं आणि सगळे हसत होते.

तेवढ्यात वळणावर माझी नववीतली मुलगी दिसली. मैत्रिणींबरोबर सायकलवरून ट्यूशनहून परत येत होती. तिनं घोडा पाहिला, घोड्यामागे मला पाहिलं, माझ्या खांद्यावर योगाच्या चटईचं टोक पाहिलं, आणि ओळखत नसल्यासारखी झटकन मान वळवली.

मी टांग्यात उभी राहिले आणि तिला तिच्या घरच्या नावानं, जितक्या मोठ्यानं मारता येईल तितक्या मोठ्यानं, हाक मारली.